चार नंबरचा काटा

विमानाच्या खुर्चीवर छापील किंमत का नसते, हा प्रश्न अख्ख्या गावात एकाच माणसाला पडला होता आणि दुर्दैवाने तो सरकारी नोकरीत होता. वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातल्या प्रत्येक तराजूची वर्षातून एकदा परीक्षा घ्यायची, पास झाला तर त्यावर शिक्का मारायचा, नापास झाला किंवा परीक्षेलाच बसला नाही तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत. घरी बायको "अहो" म्हणे. त्या "अहो"चं वजन रोज वेगळं भरायचं, पण ते तपासायचं साधन खात्याकडे नव्हतं.

काटासाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, मुलगाही तिथलाच. लग्न नोंदणी पद्धतीने. निबंधकांच्या कचेरीत, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता.

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे, पण तीन म्हणजे तीन," मुलीने फोनवर बजावलं. "माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून तुमची सही हवीय. आणि एक दिवस फक्त बाबा म्हणून या. निरीक्षकाला घरी ठेवा."

"म्हणजे काय? मी काय कुठेही..."

"पदवीदानाच्या दिवशी पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागवून दीड तास उभे होतात. मी स्टेजवर गेले तेव्हा तुमच्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाचा तरी काका बसला होता. टाळ्या त्यानेच वाजवल्या."

यावर काटासाहेबांकडे उत्तर होतं. पंप पाच लिटरमागे सव्वाशे मिलिलिटर चोरत होता. पण ते उत्तर त्यांनी त्या वेळी दिलं होतं आणि त्यानंतर मुलगी दोन महिने बोलली नव्हती. "शब्द देतो," ते म्हणाले.

मग तिकीट काढायचं ठरलं. पहिल्या दिवशी भाडं दिसलं साडेतीन हजार. ते लगेच काढून मोकळं व्हायचं, तर काटासाहेबांनी ही बातमी जिन्यात सांगितली. जिन्यात सांगितलेली गोष्ट आपली राहत नाही.

"आज कशाला काढताय? मंगळवारी काढा," वरच्या मजल्यावरचा विमा एजंट म्हणाला. "मंगळवारी विमानं स्वस्त असतात." मंगळवारी भाडं पाच हजार झालं.

"तुम्ही रोज त्याच मोबाईलवरून बघता ना, म्हणून," शेजारच्या काकू म्हणाल्या. "कंपनीला कळतं की हा माणूस गरजू आहे. माझ्या मोबाईलवरून बघा. मला कुठेच जायचं नाही, हे जगजाहीर आहे." काकूंच्या मोबाईलवर साडेसहा दिसलं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर कात्रीसुद्धा खाली ठेवली नाही. "घाई करू नका, साहेब. खुर्ची रिकामी नेण्यापेक्षा शेवटी शेवटी फुकट वाटतात." शिंपी आयुष्यात विमानात बसला नव्हता, पण तो ज्या खात्रीने बोलला ती एखाद्या वैमानिकाकडेही नसावी. काटासाहेब थांबले. त्याच आठवड्यात त्या मार्गावरची तिसरी कंपनी बुडाली आणि भाडं अकरा हजारांवर गेलं.

"तिघी होत्या तेव्हा आपापसांत भांडत होत्या, म्हणून आपली चैन होती," विमा एजंटने स्पर्धेचं अर्थशास्त्र जिन्यातच उलगडलं. "आता उरलेल्या दोघी एकमेकींकडे बघून भाडं वाढवतात."

"ठरवून?"

"छे! ठरवून केलं तर गुन्हा. न ठरवता केलं तर बाजार."

काटासाहेबांनी अकरा-अकरा हजारांची दोन तिकिटं काढली आणि त्याच दिवशी हवाई खात्याला पत्र पाठवलं. एकाच विमानात, एकाच आकाराच्या खुर्चीला, एकाच दिवशी वेगवेगळी किंमत कशी? खुर्चीवर कमाल किंमत छापावी. खात्याचं उत्तर विलक्षण लवकर आलं. "भाडे हा बाजाराचा विषय असून त्याच्याशी या कार्यालयाचा संबंध नाही. आपण जागरूक नागरिक आहात." यातलं पहिलं वाक्य त्यांनी सहन केलं. दुसऱ्या वाक्याने रात्रभर झोप लागली नाही. काटासाहेब स्वतः अशीच पत्रं लिहीत. त्यांच्या खात्यात जागरूक नागरिक म्हणजे कुणाला म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कचेरीच्या काट्यावर बॅग मोजली. बरोबर पंधरा किलो, एका बॅगेची मर्यादाही पंधराच. विमान साडेअकराचं होतं. दोघं नऊ वाजता विमानतळावर पोचले. पाण्याच्या बाटलीला बाहेरच्या चौपट पैसे मागितले तेव्हा काटासाहेबांनी नुसता श्वास आत घेतला. बायकोने त्यांचा कोपर धरला.

"अहो."

"मी काही बोललोय का?"

"श्वास घेतलात."

कंपनी काटकसरी होती. विमानतळाकडून काउंटर तासाच्या भाड्याने घ्यावा लागतो, म्हणून तिने एकच घेतला होता, चार नंबरचा. रांगेत शंभर-सव्वाशे माणसं. अर्धीअधिक पुढे गेली, सामान आत गेलं, आणि काटासाहेबांच्या पुढे एकच गृहस्थ उरला. त्याची सुटकेस एवढी मोठी होती की गृहस्थच तिच्यासोबत आल्यासारखा वाटत होता.

"सर, सतरा किलो आहे. दोन किलोचे जादा पैसे लागतील," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"सतरा? घरी चौदा भरली!"

काटासाहेब छताकडे बघू लागले. छताला बेचाळीस दिवे होते. त्यांनी ते दोनदा मोजले. कारण खाली बघितलं असतं तर काट्याच्या कडेचा शिक्का दिसला असता. तो आधीच दिसला होता. दोन वर्षांपूर्वीचा होता.

आणि नेमका त्याच क्षणी सुटकेसवाला मागे वळला. "काका, तुम्ही वडीलधारे आहात. तुम्हीच सांगा. हिचा काटा बरोबर आहे का?"

सव्वीस वर्षांत इतक्या सरळपणे हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. दुकानदार चहा विचारत, मुलांची शिक्षणं विचारत, पण हे कधीच नाही.

"उत्तर देऊ नका," बायको हळूच म्हणाली.

"मी फक्त बघतो."

तिकिटाच्या दराला कायदा नव्हता. अकरा हजार घ्या नाहीतर अकरा लाख घ्या, कुणी विचारणार नव्हतं. पण जादा सामानाचे पैसे किलोवर होते, आणि किलो काटासाहेबांचा होता. एवढ्या मोठ्या विमानव्यवहारात त्यांच्या अखत्यारीत येणारी वस्तू एकच, आणि ती समोर, गुडघ्याच्या उंचीवर, मुदत संपलेली.

पुढचं दोन मिनिटांत झालं. कोटाच्या खिशातून तार, शिसं आणि पक्कड निघाली. ती खिशात कशी आली हे बायकोने विचारलं नाही. काही लोक रुमाल ठेवतात. चार नंबरच्या काट्याला सील लागलं आणि मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

"बरं झालं! लुटत होते मेले!"

"साहेब, तुमच्यासारखी माणसं हवीत!"

काटासाहेबांना क्षणभर वाटलं, अकरा हजार वसूल झाले.

काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, काटा आमचा नाही, विमानतळाचा. विमानतळाचा अधिकारी आला. तो म्हणाला, काटा आमचा असला तरी तासाभराच्या भाड्यात तो यांचा होतो. मग हवाई खात्याचे एक गृहस्थ आले. ते काट्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "जे उडतं ते आमच्याकडे. हा उडत नाही." आणि चहा प्यायला गेले.

"ठीक आहे, आम्ही न मोजताच सामान घेतो," मॅनेजर म्हणाला. रांगेने पुन्हा टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी वैमानिकाचा निरोप आला, की किती वजन घेऊन चाललोय हे कळल्याशिवाय तो विमान जागचं हलवणार नाही. टाळ्या थांबल्या.

समोरच्या काउंटरवर दुसऱ्या कंपनीची माणसं इतका वेळ मजा बघत होती. आता त्यांनी आपल्या काट्यावर हळूच एक जॅकेट पांघरलं. पण त्यांचं दोनचं विमान होतं, आणि रांगेतल्या लोकांनी मोबाईल काढले. भाडं सहा हजार. शेजारच्यानेही बघितलं. सात. मागच्या वीसजणांनी एकदम बघितलं. साडेनऊ.

"अहो, बघू नका सगळे!" काटासाहेब कळवळून ओरडले. "तुमच्या बघण्यानेच वाढतंय!" मग त्यांनी स्वतः बघितलं. बारा.

"आता?" बायकोने विचारलं. ती रागावली नव्हती. ती एका खुर्चीवर बसून लोकरीचं विणकाम काढून बसली होती, आणि हे काटासाहेबांना रागापेक्षा जड गेलं.

"आता काय, कचेरीतून प्रमाणित वजनं मागवतो. काटा तपासतो, शिक्का मारतो, सील काढतो. अर्धा तास."

त्यांनी वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठ सावकाश बोलणारे होते. "शिक्का मारा की. पण तुम्ही आज रजेवर आहात. रजेवरच्या माणसाला शिक्का मारता येत नाही."

"सील तर मारलंय, साहेब."

"ते तुम्ही नागरिक म्हणून मारलं असेल. जागरूक."

"मग रजा रद्द करतो."

"करा. पण मग मुख्यालय सोडायची परवानगीही रद्द होते. तुम्हाला गाव सोडून जाता येणार नाही."

काटासाहेब खाली बसले. गेल्या वर्षी याच नियमावर एका कनिष्ठ निरीक्षकाची सहल त्यांनी स्वतः थांबवली होती. शेवटी वरिष्ठांनीच वाट काढली. सकाळचा अर्धा दिवस कामावर, दुपारचा अर्धा दिवस रजा. रजा दीडला सुरू. त्याआधी विमानात पाय ठेवला तर तो बेकायदा. अर्ज कशावर लिहायचा? बायकोने पर्समधून विणकामाच्या नमुन्याचा कागद काढून दिला. मागची बाजू कोरी होती.

कचेरीचे शिपाईमामा निवृत्तीला आले होते. ते रिक्षाने वजनाची पेटी घेऊन साडेअकराला पोचले आणि दारातल्या सुरक्षा शिपायाने त्यांना अडवलं.

"काय आहे यात?"

"वजन."

"दिसतंय जड आहे ते. आत काय आहे?"

"वजनच."

"किती?"

"वीस किलो."

"कसलं वीस किलो?"

"कसलं नाही हो. नुसतं."

पेटी यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर काळाकुट्ट चौकोन उमटला आणि आणखी तीन शिपाई धावत आले. मामांनी खाली बसून विडी काढली, मग इथे ओढता येत नाही म्हणून परत ठेवली. "साहेब, मी सदतीस वर्षं ही पेटी वाहतोय," ते काटासाहेबांना म्हणाले. "ही खरी आहे असं पहिल्यांदाच कुणाला वाटलं नाही."

पाऊण तास त्यात गेला. मग चार नंबरभोवती सगळी रांग गोळा झाली. काटासाहेबांनी हातमोजे घातले, लोखंडी वजन अलगद उचललं आणि काट्यावर ठेवलं.

आकडे थरथरले आणि स्थिरावले. अठरा किलो सहाशे ग्रॅम.

"बघा!" सुटकेसवाला गरजला. "चोर!" मग थोडा थांबला. "म्हणजे... किती पाहिजे होतं?"

"वीस," काटासाहेब म्हणाले. "काटा कमी दाखवतोय. तुमची सतरा दिसली म्हणजे खरी सव्वाअठरा."

कंपनी दोन वर्षं स्वतःच्याच खिशातून लोकांचं सामान फुकट वाहत होती. मॅनेजरने पुढे होऊन काटासाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, तुमच्यासारखी माणसं हवीत," तो म्हणाला.

रांगेने आता वेगळीच विशेषणं वापरायला सुरुवात केली. एक आजी तर मागून म्हणाल्या, "ह्यांना कुणी विचारलं होतं?" सुटकेसवाल्याने विचारलं होतं, पण तो आता छताचे दिवे मोजत होता. काटासाहेबांनी काटा दुरुस्त करवून घेतला, पुन्हा तपासला, शिक्का मारला आणि ताठ मानेने स्वतःची बॅग त्यावर ठेवली. निदान एक माणूस तरी प्रामाणिक पंधरा किलोचा आहे, हे सगळ्यांना दिसू दे.

सोळा किलो दोनशे.

"तुमचे बूट घातलेत मी त्यात निघताना," बायको विणकामातून मान वर न काढता म्हणाली. "लग्नात त्या फाटक्या चपलांत उभे राहणार होतात?"

काटासाहेबांनी जादा पैसे भरले. पावती मागितली नाही. हेही आयुष्यात पहिल्यांदाच.

एवढ्यावर भागलं असतं. पण आधी आत गेलेलं सामानही त्याच काट्यावरून गेलं होतं. ते सगळं धरून नवा हिशेब झाला आणि वैमानिकाने सांगितलं, या उन्हात एवढं वजन उचलणार नाही. चार माणसं उतरवा.

मॅनेजर एका खुर्चीवर चढला. "जे कुणी आपणहून संध्याकाळच्या विमानाने जातील त्यांना दोन हजार!"

कुणी हललं नाही.

"तीन!"

"थांबा, कुणी उठू नका," सुटकेसवाला हळूच म्हणाला. "अजून वाढेल." ज्या रांगेचं मघाशी एकमेकांशी पटत नव्हतं, ती आता एका आईची लेकरं असल्यासारखी गप्प बसली. न ठरवता. काटासाहेबांना विमा एजंटची आठवण झाली.

एक वाजून दहा मिनिटं झाली. मॅनेजर पाच हजारांवर येऊन थांबला. नियमाप्रमाणे सक्तीने उतरवलं तरी भरपाई तेवढीच होती. "मग आता नाइलाज आहे. ज्यांची तिकिटं सगळ्यात स्वस्त, ते चौघे उतरतील."

काटासाहेबांनी डोळे मिटले. आयुष्यभर स्वस्त ते शोधलं, त्याचं फळ आज मिळणार. निबंधकांची कचेरी डोळ्यांपुढे आली. तिथली एक रिकामी खुर्ची, तीवर बसलेला कुणाचा तरी काका. तो त्यांची सही करत होता. मॅनेजरने यादी वाचली. पहिलं नाव सुटकेसवाल्याचं, नऊशेचं तिकीट. मग आणखी तिघांची. मग यादी संपली.

"आणि आम्ही?" काटासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही?" मॅनेजरने कागद उलटा केला. "साहेब, तुमची दोन तिकिटं अख्ख्या विमानात सगळ्यात महाग आहेत. तुम्हाला कसं उतरवणार?"

हा अपमान होता की सन्मान, हे काटासाहेबांना कळेना. सुटकेसवाला मात्र सुटकेस ओढत हसत आला. "साहेब, नऊशे दिले, पाच हजार मिळाले. पुन्हा कुठे निघालात तर आधी मला कळवा."

विमान एक वाजून पन्नास मिनिटांनी उडालं. काटासाहेबांनी विमानात पाय ठेवला तेव्हा एक एकतीस झाले होते, कायद्यात एक मिनिट शिल्लक ठेवून. प्रवासभर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. हवाई सुंदरीने पाणी देतानाही ग्लास जरा दुरूनच दिला. बायको विणत होती. तिने एकदाही "अहो" म्हटलं नाही, आणि काटासाहेबांनी मनातल्या मनात मुलीला सांगायची चौदा वाक्यं तयार केली. त्यातली तेरा "पण कायद्याप्रमाणे" पासून सुरू होत होती. ती त्यांनी खोडली. उरलेलं वाक्य फक्त "चुकलं" एवढंच होतं. ते फार लहान वाटत होतं.

कचेरीत पोचेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली. जिना ते धावत चढले. वर एका लांब बाकावर मुलगी बसली होती, शेजारी जावई. दोघं एकाच कागदी कपातून चहा पीत होते.

"आलात?" मुलगी म्हणाली.

"चुकलं," काटासाहेब धापा टाकत म्हणाले. "झालं ना सगळं? सही कुणी केली?"

"कुणी कशाला करेल? आपला नंबर साडेचारचा आहे."

"तू तीन म्हणालीस."

"हो."

"साडेचारचे तीन? म्हणजे दीड तासाची..."

"तुमच्यात किती खोट येते ते मला लहानपणापासून माहीत आहे, बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली. "तेवढी आधीच धरली."

काटासाहेबांनी बायकोकडे बघितलं. ती विणकाम पिशवीत ठेवत होती. "मी तिला सांगत होते," ती म्हणाली, "दोन तास धर."

राग यायला हवा होता. धडधडीत खोटं माप, कबुलीजबाबासकट, शिवाय साक्षीदार हजर. पण त्यांनी बॅग उघडली, चपला काढल्या आणि बाकावर बसून बूट घातले. मुलीने खाली वाकून त्यांची नाडी बांधली. त्यांना वाकताना त्रास होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आत बोलावणं आलं. मुलीने सही केली, जावयाने केली. निबंधकांच्या कारकुनाने वही काटासाहेबांपुढे सरकवली. त्यांनी सावकाश, वळणदार सही केली. कारकुनाने वेळेच्या रकान्यात पेन टेकवलं आणि मान वर करून भिंतीकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते. काटासाहेबांच्या मनगटावर चार बावन्न.

"काका," कारकून म्हणाला, "हे घड्याळ बरोबर आहे ना हो?"

मुलीने डोळे मिटले. बायकोचा हात आपोआप त्यांच्या कोपराकडे गेला.

काटासाहेबांनी शर्टाची बाही मनगटाखाली ओढली.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मी मुलीचा बाप आहे."